सगळ्या सावल्या डावीकडे

चारुता वैजापूरकरच्या घरी बैठकीच्या भिंतीवर एकच डोंगर ओळीने टांगलेला आहे. सिडकोतल्या त्या बैठ्या घरात शिरलं की समोर सोफा, सोफ्यावर तिचे वडील आबा आणि आबांच्या डोक्यावर डोंगर. दौलताबादच्या मागून खुलताबादच्या अंगाला जी लांबच लांब डोंगरधार जाते, तिच्यावरचा एक उंचवटा, त्यावर एकुलतं एक सालईचं झाड आणि झाडाच्या पायाशी आश्विनात पिवळं पडलेलं कुसळी गवत. दरवर्षी नवरात्राच्या आगेमागे चारुता तिथे चढून जाते, त्याच दगडावर उभी राहते, तोच फोटो काढते आणि गुलमंडीतल्या एका स्टुडिओतून मोठा करून आणते. आबा स्वतः खिळा ठोकून तो लावतात. मग आल्यागेल्याला दाखवतात, ‘आमच्या चारूची नजर बघा’ म्हणतात. आलेगेले मान डोलावतात आणि चहाची वाट बघतात. त्यांना ते सगळे फोटो सारखेच दिसतात, आणि खरं सांगायचं तर ते सारखेच आहेत.

आता शहाणीसुरती, विमा कंपनीत नोकरी करणारी, पंचेचाळिशीला टेकलेली बाई दरवर्षी तोच फोटो कशाला काढते? विचारलं तर ती सांगते, एकाच जागेचा ऋतू दरवर्षी कसा बदलतो ते टिपायचं आहे. ऐकायला छान वाटतं. एकदा कचेरीतल्या साहेबांनी तर यावर तिचं कौतुकही केलं होतं. पण खरी गोष्ट एवढीच आहे, की तिला दुसरा फोटो काढायला वेळच मिळालेला नाही. उजाडता उजाडता वर पोचायचं, सूर्य जरा वर आला की कॅमेरा गळ्यातून काढून पिशवीत टाकायचा आणि धावतपळत खाली यायचं. कारण घरी आबा उपाशी.

हे उपाशी राहण्याचं प्रकरण नीट सांगायला हवं.

चारुताची आई उमाताई. नऊ-दहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्या गुलमंडीत चादरी आणि उशांचे अभ्रे आणायला गेल्या. दुपार झाली तरी आल्या नाहीत. बाजार म्हटलं की बाईमाणसाला वेळ लागायचाच, असं म्हणून आबांनी आपल्या हाताने वाढून घेतलं, पोटभर जेवले, वर ताक प्यायले आणि आडवे झाले. फोन आला तेव्हा त्यांच्या मिशीला अजून ताक होतं. उमाताईंची रिक्षा उलटली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ते ताक आबांना पचलं नाही ते नाहीच. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुण्याहून मुलगा शंतनू आलेला, सगळे चुलत-मावस जमलेले. आबा पानावरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, “यापुढं चारू घरी आल्याशिवाय मी घास घेणार नाही.” आबा महसूल खात्यातले जुने कारकून, त्यांचे वडील निजामाच्या अमदानीत उर्दूत दप्तर लिहिणारे. या घरात बोललेला शब्द मागे घ्यायची रीत नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, शंतनूने बापाला मिठी मारली. सगळ्यांना भरून आलं. चारुतालाही आलं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी निघून गेले आणि ते भरून आलेलं सगळं चारुताच्या गळ्यात राहिलं.

आबांनी तिला कधी कशाला नाही म्हटलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. नाही म्हणणाऱ्या बापाशी भांडता येतं, दार आपटता येतं, रुसून मैत्रिणीकडे राहता येतं. आबा म्हणायचे, “जा की. माझी काय हरकत? सावकाश ये. माझी फिकीर करू नको.” आणि मग ताट वाढून घ्यायचे, त्यावर दुसरं ताट पालथं घालायचे आणि घड्याळासमोर बसायचे. शुगरचं दुखणं असलेला म्हातारा माणूस. चारुता कचेरीत जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवरून घरी यायची, बापासमोर बसून चार घास गिळायची आणि परत पळायची. बाकीच्या बायका त्या वेळात डबे उघडून गप्पा मारायच्या, एकमेकींच्या भाज्या चाखायच्या. त्यांच्या भाज्यांची चव चारुताला ठाऊक नाही.

एकदा नांदेडचं स्थळ आलं होतं. बिजवर होता, पण माणूस बरा होता, हसरा होता, त्याच्या घरी पुस्तकं होती. चारुता बघायला म्हणून गेली आणि बोलणी लांबली. इकडे शेजाऱ्यांचा फोन आला, आबांना चक्कर आली, सकाळपासून पोटात काही नाही. ती अर्ध्या बोलण्यातून उठून निघाली. पुढे तो माणूस इकडे येऊन राहायला तयार झाला नाही, आणि त्याला फार आग्रह करावा असं इकडेही कोणाला वाटलं नाही. शंतनू फोनवर म्हणाला, “ताई, तू आहेस म्हणून आबा आहेत.” हे वाक्य तो दर दोन महिन्यांनी म्हणतो, फोन ठेवायच्या आधी.

डोंगर तेवढा तिचा होता. रविवारी पहाटे भटक्यांचा एक ग्रुप निघायचा, त्यात ती जायची. उतरल्यावर बाकीची मंडळी पायथ्याला पिठलं-भाकरी खात बसायची, रस्त्यावरून सीताफळं घ्यायची, झाडाखाली लोळायची. चारुता तेवढ्यात स्कूटरला किक मारून निघालेली असायची. त्यांनी तिचं नाव ‘बाराची गाडी’ ठेवलं होतं. ती हसायची. घरी आली की आबा म्हणायचे, “आलीस? चल, पोटात कावळे ओरडायलेत.” जेवण झाल्यावर ते वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि तिच्या मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून काढायचे. चष्मा नाकावर, जीभ जरा बाहेर. त्या वेळी त्यांच्याकडे बघून तिचा सगळा राग विरघळायचा. म्हणून तर सुटका नव्हती.

डॉक्टरांना एका गोष्टीचं कोडं पडलेलं. आबांचं पथ्य कडक, गोड वर्ज्य, भात वर्ज्य, तरी साखर खाली येत नाही. औषधं बदलून झाली. स्वयंपाकाला येणाऱ्या मालनबाई रविवारी भाकऱ्या जास्त थापतात आणि तरी डबा रिकामाच दिसतो, हे चारुताच्या लक्षात आलं होतं. विचारलं तर आबा म्हणायचे, “गाईला घातली.” सिडकोत गाई पुष्कळ. तिने पुढे कधी विचारलं नाही.

यंदा घटस्थापनेनंतर सरिता घरी आली. सरिता कचेरीत तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. बोलायला सडेतोड, पण चारुता रोज सुट्टीत घरी पळते तेव्हा उशीर झाला की साहेबांपुढे सावरून घेणारी तीच. बैठकीत बसली, पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघत राहिली. आलेगेले बघतात तसं नाही. उठून जवळ गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बघितलं.

“कामून गं,” ती म्हणाली, “या सगळ्या फोटोत सावली डाव्या अंगालाच? आणि ही झाडाच्या पलीकडची उतरण कायम काळीच. तिथं ऊन पडतच नाय का कधी?”

“पडतं की,” चारुता म्हणाली. “दुपारनंतर. ती मावळतीची बाजू आहे.”

“मग?”

चारुता चहा टाकायला आत गेली. सोफ्यावरून आबा म्हणाले, “सकाळचं ऊनच चांगलं असतं फोटोला.” त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून चारुताला भिंतीकडे बघवेना. बघितलं की डावीकडे पडलेल्या सावल्याच दिसायच्या, नऊ वर्षांच्या, एकीमागे एक. मावळतीच्या उतरणीवर ऊन पडल्यावर ते गवत कसं दिसतं, हे तिला माहीत नव्हतं. आपल्याच डोंगराची अर्धी बाजू माहीत नव्हती. तिला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते ठरवता येईना, त्यामुळे तो आणखी वाढला. तिने मनाशी पक्कं केलं, यंदाचा फोटो संध्याकाळचा. मग आभाळ कोसळलं तरी चालेल.

शनिवारी जेवताना तिने सांगून टाकलं. “आबा, उद्या मला घरी यायला संध्याकाळ होईल. तुम्ही दुपारी वेळेवर जेवून घ्या. उपाशी राहायचं नाही.”

“हो, हो,” आबा म्हणाले. “सावकाश ये.” मग भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत, जरा थांबून, “तू आल्याशिवाय मला घास उतरत नाही, एवढंच.”

एवढंच! चारुता रात्रभर त्या ‘एवढंच’वर कूस बदलत राहिली. तरी पहाटे निघाली.

आणि डोंगराने ऐन वेळी दगा दिला. धारेखालच्या कड्याला आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी आहेत. त्याच कड्याच्या पोटात देवीचा शेंदूर लावलेला दगड आहे. नवरात्र म्हणून आदल्या संध्याकाळी काही हौशी भक्तांनी तिथे उदाचा भरपूर धूर केला. देवीला तो पोचला असेल, पण आधी माश्यांना पोचला. सकाळी वाटेवर वनखात्याचा माणूस आडवा उभा. “आत्ता नाही सोडत. माश्या उठल्यात. बसू द्या त्यांना, दुपारनंतर बघू.” ग्रुप जरा वेळ घुटमळला, नाश्ता करून पांगला. चारुताला मात्र एकदम हलकं वाटलं. दुपारनंतर सोडणार ना? मग आता घरी जाऊ, आबांना जेवायला घालू आणि परत येऊ. दोन्ही साधेल. कोणी उपाशी नाही आणि उतरणही मिळेल. नऊ वर्षांत हे आपल्याला सुचलं कसं नाही, असं म्हणत तिने स्कूटर वळवली.

घरासमोर शेजाऱ्यांची गाडी आडवी लावलेली. दसऱ्याच्या पूजेसाठी ती धुणं चाललं होतं, सगळीकडे पाणी आणि साबणाचा फेस. फाटक काही उघडेना. चारुता बाजूच्या बोळातून मागच्या दाराकडे निघाली. वाटेत स्वयंपाकघराची खिडकी. तिने सहज आत बघितलं.

आबा जेवत होते.

चोरून जेवणारा माणूस जसा घाईघाईने बोकाणे भरतो, तसे नव्हे. मांडी ठोकून, निवांत. पुढ्यात पिठलं, बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा. रेडिओवर जुनी हिंदी गाणी लागली होती आणि डाव्या हाताची बोटं पाटावर ताल धरत होती. एक भाकरी संपली, दुसरी घेतली. शेवटी तांब्यातून ताक ओतून घेतलं, एका दमात प्यायलं आणि समाधानाने ‘हाऽऽ’ केलं. मिशी पांढरी झाली.

चारुताला पहिल्यांदा आनंद झाला, हे सांगायलाच हवं. जेवतायत! चक्कर येणार नाही. मग तिच्या ध्यानात आलं. रविवारच्या भाकऱ्या, सिडकोतल्या गाई, डॉक्टरांचं कोडं, सगळं एकदम. ती बोळातल्या भिंतीला टेकली.

आत आबा उठले. ताट स्वतः घासलं, विसळलं, खांद्यावरच्या पंच्याने पुसून फळीवर जिथल्या तिथे ठेवलं. हात असा सफाईने चालत होता, की हे आजचं नाही हे कोणालाही कळावं. मग त्यांनी फळीवरून दुसरं ताट काढलं. त्यात थोडं पिठलं वाढलं, भाकरी ठेवली, मिठाची चिमूट ठेवली. तसंच आणखी एक वाढलं. दोन्हींवर ताटं पालथी घातली. रेडिओ बंद केला. मिशी पुसली. आणि खुर्चीत बसून, एका झाकल्या ताटावर हात ठेवून, घड्याळाकडे बघायला लागले. चारूला आज संध्याकाळ होणार हे ठाऊक असूनही.

चारुताच्या अंगाची लाहीलाही झाली. नऊ वर्षं सुट्टीत मारलेल्या फेऱ्या, न चाखलेल्या भाज्या, बाराची गाडी, तो नांदेडचा हसरा माणूस. दार उघडून आत जावं आणि दोन्ही ताटं भिरकावून द्यावीत, असं तिला वाटलं. हात कडीपर्यंत गेलाही. पण मग आबांनी वर बघितलं असतं. ते कसं बघतील, ते तिला डोळ्यांपुढे दिसलं आणि तेवढं तिला सोसवेना. जेलर पकडला जावा आणि कैद्यानेच लाजून मान फिरवावी, तशातली गत. ती मांजराच्या पावलांनी बोळातून बाहेर आली आणि तिने सरिताला फोन लावला.

“चल.”

“कुठं गं?”

“काळ्या उतरणीवर.”

दुपार कलल्यावर वनखात्याच्या माणसाने वाट मोकळी केली. त्या चढल्या तेव्हा धारेवर चिटपाखरू नव्हतं. चारुता चढता चढता सगळं बोलली. सरिता आधी ऐकत राहिली, मग जी हसत सुटली ती दगडावर बसलीच.

“म्हातारा लई चालू निघाला की गं! दोन-दोनदा जेवतोय आणि वर तुलाच रडवतोय!” मग डोळे पुसत म्हणाली, “पण बरं झालं. सुटलीस तू आता.”

सुटलीस. चारुताने तो शब्द मनात घोळवून बघितला. काही सुटल्यासारखं वाटत नव्हतं. इतके दिवस निदान म्हातारा उपाशी आहे एवढं तरी कारण होतं. आता कारणही गेलं होतं आणि पाय तरी घराकडे ओढतच होते. तेवढ्यात धारेच्या टोकाला फोनला रेंज आली आणि आबांचा निरोप पडला. ‘सावकाश ये. मी थांबलोय.’

“बघ,” तिने फोन सरितापुढे धरला.

“थांबू दे की. पोट भरलंय त्याचं.”

सूर्य खाली आला तसा उजेड मावळतीच्या उतरणीवर चढायला लागला. वर्षानुवर्षं फोटोत काळा डाग दिसणारी ती उतरण आधी मळकट पिवळी झाली, मग तांब्यासारखी आणि मग तिच्यावरचं प्रत्येक कुसळ वेगळं दिसायला लागलं. गवतात खालपर्यंत सोनकीची उशिराची फुलं होती. गुरांची एक बारीक वाट होती. खाली एक छोटं तळंही होतं, पावसाचं पाणी अजून धरून बसलेलं. यातलं काहीच चारुताला माहीत नव्हतं. सालईची सावली उजवीकडे पडली होती, लांबलचक. चारुताने कॅमेरा डोळ्याला लावला. काच धूसर झाली. तिने काच पुसली. काच कोरडीच होती.

“रडायलीस का?” सरिताने विचारलं.

“नाही,” चारुता म्हणाली आणि रडत रडत तिने फोटो काढला.

घरी पोचली तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. टेबलावर दोन झाकली ताटं होती. आबा खुर्चीत बसलेले, चेहरा ओढलेला. दुपारच्या जेवणानंतर त्यांनी खरंच काही खाल्लं नव्हतं, ते दिसतच होतं. आज तरी भूक खरी होती.

“आलीस? चल, पोटात कावळे ओरडायलेत.”

चारुताने हातपाय धुतले, पिठलं गरम केलं, ताटं नव्याने वाढली. आबांच्या ताटात तिने अर्धी भाकरी ठेवली.

“अर्धीच?”

“दुपारी दोन झाल्यात की.”

आबांचा हात ताटावरच राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मागच्या खिडकीकडे, मग ताटाकडे.  

“पहिले चार महिने पाळलं मी,” आबा म्हणाले. “तुझ्या आईची शपथ. एक घास घेतला नाही. मग चक्कर यायला लागली. एकदा न्हाणीघरात पडलो. तू कचेरीत होतीस.”

“मग सांगायचं ना, आबा.”

“कोणत्या तोंडानं? सगळ्या भाऊबंदांपुढं बोललो होतो.” ते भाकरीचा पापुद्रा सोलत राहिले. “वाटलं, उद्या सांगू. मग परवा. तू अशी धावत यायचीस, घामानं डबडबलेली. तुझ्याआधीच जेवलो म्हणून कसं सांगणार? म्हणून मग पुन्हा बसायचो तुझ्याबरोबर.”

“आणि नांदेडला गेले होते, त्या दिवशी?”

“त्या दिवशी खरंच उपाशी होतो गं.”

त्यांनी ते तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. खरंही असेल. ते आता कळायला काही मार्ग नव्हता, आणि चारुताला जन्मभर ते न कळताच राहायचं होतं. हे सगळ्यांत वाईट होतं. तिने डोकं खाली घातलं.

“तुम्हाला कळत नव्हतं का आबा, माझं काय होतंय ते?”

“कळत होतं,” आबा म्हणाले.  मग अगदी हळू, कोणी ऐकेल अशा भीतीने विचारल्यासारखं विचारलं, “मी जेवून घेतो म्हणून सांगितलं असतं, तर तू वेळेवर आली असतीस?”

चारुताने तोंड उघडलं. आले असते, एवढे दोनच शब्द होते. समोर म्हातारा बाप बसला होता आणि त्याला ते हवे होते, आणि ते तिच्या तोंडातून येईनात. नाही म्हणायलाही जीभ उचलेना. तिने उरलेली अर्धी भाकरी उचलली आणि त्यांच्या ताटात ठेवली. आबा खाली मान घालून जेवले.

जेवण झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, तिचे मोजे घेतले, चष्मा लावला. कुसळं काढता काढता म्हणाले, “फोटो दाखव.” तिने कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर दाखवला. आबांनी तो दूर धरून बघितला, जवळ आणून बघितला. “उजवीकडं पडली सावली,” ते म्हणाले. आणि मग, “इथं तळं आहे होय?”

“आहे.”

“एवढी वर्षं होतं?”

“हो.”

त्यांनी कॅमेरा परत दिला आणि पुन्हा मोज्यात बोटं घातली.

पुढच्या रविवारी चारुता पहाटे निघाली. दारात आबा उभे होते. या खेपेला ते ‘सावकाश ये’ म्हणाले नाहीत. नुसते म्हणाले, “मी जेवून घेईन.” ती ‘बरं’ म्हणाली आणि स्कूटर सुरू करताना दोनदा मागे वळून बघितलं. ग्रुप खाली उतरला, पिठलं-भाकरी खायला बसला. आज बाराची गाडी सुटली नाही म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारुता त्यांच्यात बसली, सीताफळ खाल्लं, लोकांच्या चटण्या चाखल्या. मग आज सोबत आलेल्या सरिताला घेऊन पुन्हा धारेवर चढली. संध्याकाळ आपलीच होती, तर घाई कसली?

सालईखाली टेकल्यावर फोन वाजला. आबांनी पहिल्यांदाच फोटो पाठवला होता. वाकडा आलेला, अर्ध्या भागात त्यांचा अंगठा. चाटूनपुसून साफ केलेलं ताट. खाली एकच शब्द. ‘जेवलो.’

“काय आलं?” सरिताने विचारलं.

“काही नाही. आबा जेवले.”

“बघ! आता बस निवांत.” सरिताने पाय पसरले आणि डोळ्यांवर ओढणी घेतली.

चारुताला हसू आलं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं. मग सवयीने, फोटो बघताना ती नेहमी बघते तसा, तिने तो दोन बोटांनी मोठा करून कोपरे बघितले. उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या मागे, टेबलाच्या कडेला दुसरं ताट होतं. त्यावर एक ताट पालथं घातलेलं.

तिने फोन गवतात उपडा ठेवला. उतरणीवर ऊन यायला अजून बराच वेळ होता. घरी तिची भाकरी गार होत होती.